एका आरमारी कारकुनाची घरची कामे

बदलीच्या गावी बिऱ्हाड लावताना प्रत्येक नोकरदाराच्या मनात एक यादी तयार होत असते. पुस्तकांसाठी एक फडताळ करून घ्यावे, पेटीचा भाता दुरुस्त करावा, वडिलांनी जपून ठेवलेले मोडी कागद एकदा लावून वाचावे, विद्यार्थिदशेत अर्धवट सुटलेले गाणे पुन्हा हाती धरावे. कचेरीचे काम सरत नाही आणि ती यादी तशीच ट्रंकेतून पुढच्या गावी जाते. शिवाय मनाला एक बोचणीही असते, की या घरच्या कामांना दिलेला वेळ म्हणजे खऱ्या कामातून चोरलेला वेळ. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज कारकुनाचा वृत्तांत या बोचणीवर उतारा म्हणून वाचण्याजोगा आहे.

सॅम्युएल पीप्स हा लंडनमधील एका शिंप्याचा मुलगा. त्याचा जन्म १६३३ सालचा. केंब्रिजला त्याचे शिक्षण झाले आणि १६६० मध्ये, दुसरा चार्ल्स गादीवर परत आला तेव्हा, एका वजनदार आप्ताच्या वशिल्याने त्याला आरमार मंडळाच्या चिटणीसाची जागा मिळाली. वर्षाला ३५० पौंड वेतन आणि कचेरीला लागूनच राहावयास घर. जागा मोठी होती. परंतु जहाज, लाकूड, दोरखंड यांपैकी कशाचेही ज्ञान या गृहस्थास नव्हते. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून तो लघुलिपीत रोजनिशी लिहू लागला होता. ती त्याने ३१ मे १६६९ पर्यंत चालविली. त्याने आपल्या घरच्या कामांची यादी एका कागदावर मांडलेली नाही. पण साडेनऊ वर्षांच्या या रोजनिशीत ती पानोपानी विखुरलेली आहे.

यादीतील पहिले काम घराचे. १६६२ च्या उन्हाळ्यात त्याने घरावर एक मजला चढविण्यास काढला. छप्पर उघडे पडले असता नेमका पाऊस आला आणि खालची छते खराब झाली. गवंडी-सुतारांच्या मागे लागणे, खर्च पाहून कपाळाला हात लावणे, आणि काम पुरे होताच नव्या खोल्या पाहुण्यांस हौसेने दाखविणे, हा क्रम आपणांपैकी कोणास अपरिचित आहे?

दुसरे काम अधिक महत्त्वाचे. त्याच उन्हाळ्यात या केंब्रिजच्या पदवीधराने, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, पाढे पाठ करावयास घेतले! त्या काळी विद्यापीठात लॅटिन उत्तम शिकवीत. गुणाकार हा दुकानदारांचा विषय मानला जाई. कूपर नावाच्या एका नावाड्यास त्याने गणिताचा गुरू केले आणि पहाटे चार वाजता उठून तो पाढे घोकू लागला. पुढे आपल्या पत्नीस, एलिझाबेथला, अंकगणित आणि भूगोलक यांचे धडेही त्याने घरी बसून दिले. लाकूड मोजण्याची मोजपट्टी त्याने मुद्दाम बनवून घेतली आणि १६६४ मध्ये कॉकर या निष्णात लेखनिकाकडून तिच्यावर बारीक आकडे कोरून घेतले. त्या कारागिराचा हात पाहून तो थक्क झाला.

येथे घरचा छंद कचेरीच्या कामास येऊन मिळाला. ऑगस्ट १६६२ मध्ये वॉल्थमच्या अरण्यात अँथनी डीन या जहाजबांधणीच्या जाणकाराने लाकूड मोजण्याच्या पद्धतीत सरकारची फसवणूक कशी होते, ते त्याला प्रत्यक्ष दाखविले. ज्यास गुणाकारच येत नाही, त्या अधिकाऱ्यापुढे व्यापाऱ्याने कोणताही आकडा ठेवावा आणि त्याने निमूट सही करावी, असा प्रकार तोवर चालत होता. पहाटेचे पाढे त्या सहीच्या आड आले.

तथापि पीप्सला साधुपुरुष समजण्याचे कारण नाही. एप्रिल १६६३ मध्ये एका कप्तानाकडून आलेले पाकीट त्याने कचेरीत उघडले, ते आतील नाणी बाहेर पडेपर्यंत आत न पाहता. उद्या चौकशी झालीच तर कागदात पैसे पाहिले नाहीत असे शपथेवर सांगता यावे म्हणून! ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. मद्य आणि नाटके यांचा त्याला मोठा नाद. त्यावर उपाय म्हणून तो लेखी व्रते घेई, रविवारी ती वाचून काढी, आणि व्रतभंग झाल्यास गरिबांच्या पेटीत दंड टाकी. पण ऑक्टोबर १६६३ मध्ये लंडनच्या नगराध्यक्षाच्या मेजवानीत मसाल्याचे मद्य पुढे येताच, हे मिश्रण आहे, शुद्ध मद्य नव्हे, असा निर्णय देऊन त्याने पेला रिकामा केला. मनुष्य इतका आपल्यासारखा असल्यामुळेच त्याच्या यादीवर विश्वास बसतो.

याच काळात आपल्याकडे काय घडत होते, हे स्मरले म्हणजे मौज वाटते. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजास मिळालेले मुंबई बेट तेथील पोर्तुगीज अधिकारी ताब्यात देत नाहीत, ही वार्ता त्याच्या रोजनिशीत १६६३ च्या मे महिन्यात येते. आणि १६६६ च्या ऑगस्टमध्ये शिवाजीमहाराज आग्ऱ्याच्या कैदेतून निसटले, त्या सुमारास हे महाशय लंडनमध्ये नव्या फडताळांत पुस्तके लावीत होते. आरमारी गोदीतील सिम्प्सन या सुताराने ती काचेच्या दारांची फडताळे त्याला करून दिली होती. सरकारी गोदीतील सुतार घरच्या कामास लावणे ही रीत किती जुनी आहे, हेही येथे कळते!

पुस्तके नीट लागली न लागली तोच २ सप्टेंबर १६६६ रोजी लंडनला महाभयंकर आग लागली. पीप्सने सामान गाड्यांतून बाहेर धाडले आणि आपले मद्य व पार्मा प्रांतीचे मोलाचे चीज बागेत खड्डा खणून पुरले. आग त्याच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. घर वाचले, आणि फडताळे पुन्हा भरू लागली.

यादीतील एका कामाने मात्र त्याला जबर किंमत मोजावयास लावली, असे त्याला वाटत होते. रात्री मेणबत्तीच्या उजेडात वाचण्याची त्याला भारी हौस. रॉबर्ट हूकचा सूक्ष्मदर्शकावरील नवा ग्रंथ जानेवारी १६६५ मध्ये हाती आला तेव्हा तो रात्री दोन वाजेपर्यंत वाचीत बसला. पुढे डोळे दुखू लागले. आंधळेपण येणार या भीतीने १६६९ च्या मे अखेर त्याने रोजनिशीच बंद केली. ते शेवटचे पान मनाला चटका लावते. अंधत्व आले नाही. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एलिझाबेथ गेली. जिच्यासाठी घर सजविले आणि जिला भूगोलकावर देश दाखविले, ती पत्नी तिशीही न गाठता नाहीशी झाली.

तो स्वतः १७०३ पर्यंत जगला. १६७३ मध्ये तो आरमाराचा मुख्य सचिव झाला. लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत नौकानयनासाठी गणिताचा वर्ग त्याच वर्षी निघाला, त्यामागे त्याचे श्रम होते. १६७७ मध्ये लेफ्टनंटच्या हुद्द्यासाठी परीक्षा सुरू झाली, तीही त्याच्याच आग्रहाने. तिशीच्या उंबरठ्यावर पाढे शिकलेल्या मनुष्याने केवळ कुळाच्या जोरावर जहाजावर चढणाऱ्यांस गणिताच्या परीक्षेस बसविले! रॉयल सोसायटीचा अध्यक्ष या नात्याने १६८६ मध्ये न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’स त्याने छपाईची अनुमती दिली, त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव आहे.

सारी यादी मात्र पुरी झाली नाही. आरमाराचा साद्यंत इतिहास लिहिण्याचे त्याचे मनोरथ होते. १६९० मध्ये त्यातील एक लहानसे पुस्तक तेवढे निघाले. ग्रंथसंग्रह मात्र त्याने मनासारखा लावला: सुमारे तीन हजार पुस्तके, बारा फडताळे, उंचीप्रमाणे मांडणी, आणि ओळ सारखी दिसावी म्हणून ठेंगण्या पुस्तकांखाली लाकडी ठोकळे. १७२४ मध्ये तो संग्रह केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात गेला. त्यात एकही पुस्तक वाढवू वा काढू नये, अशी अट आहे. त्याच फडताळांत लघुलिपीतील रोजनिशी शंभर वर्षे मुकाट पडून होती. ती १८२५ मध्ये प्रथम छापली गेली, तेव्हा जगाला पीप्स कळला.

ज्या दप्तरासाठी त्याला वेतन मिळे, ते आज संशोधकांखेरीज फारसे कोणी उघडीत नाही. जे त्याने घरच्या वेळात केले, म्हणजे पाढे, पुस्तके आणि रात्रीची चार ओळींची नोंद, त्यातून त्याचे सरकारी कामही उजळले आणि तो स्वतःही उरला. आपल्या ट्रंकेतील यादी तेव्हा लाजत लाजत बाहेर काढण्याचे कारण नाही. येत्या रविवारी तिच्यातील एखादे काम हाती घ्यावे. निदान त्या मोडी कागदांची दोरी तरी सोडावी.