शास्त्रप्रामाण्याचा प्रश्न आणि पंडिता रमाबाई : उदूपी ते केडगाव

प्रस्तावना

बायबल हे ईश्वरप्रेरित शास्त्र होय, आणि म्हणून श्रद्धा व आचरण या दोन्ही बाबतींत तेच ख्रिस्ती जीवनाचे अंतिम प्रमाण होय, हा सिद्धान्त प्रॉटेस्टंट परंपरेच्या मुळाशी आहे. तो मान्य केला की वाद मिटतात, असा सर्वसाधारण समज दिसतो. इतिहासाचा अनुभव मात्र उलट आहे. शास्त्र प्रमाण मानले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : शास्त्राचा अर्थ कोणी सांगावयाचा? आणि त्यामागोमाग तिसरा : शास्त्र कोणाच्या हाती असावयाचे? पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यात हे तीनही प्रश्न एकामागून एक उभे राहिले. रमाबाईंविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुतांशी समाजसुधारक किंवा धर्मांतरित स्त्री या दोन भूमिकांपुरते आहे. शास्त्राच्या अधिकाराशी आयुष्यभर झगडलेली अभ्यासक म्हणून त्यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेदाधिकाराची पार्श्वभूमी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना उदूपी येथे पंडितांपुढे जाब द्यावा लागला. स्त्रियांना संस्कृत शिकविण्यास शास्त्राचा निषेध नाही, निषेध केवळ वेदांपुरता आहे, असे त्यांनी शास्त्रवचनांच्याच आधारे मांडले. ही घटना बारकाईने पाहिली पाहिजे. शास्त्रींनी परंपरेविरुद्ध बंड केले असे म्हणण्यापेक्षा परंपरेच्या न्यायालयात परंपरेचाच पुरावा सादर केला असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. पुढे त्यांच्या कन्येने इंग्लंडमध्ये नेमके हेच केले. फरक एवढाच की तेथे ग्रंथ दुसरा होता.

मात्र वेदांपुरता निषेध वडिलांनी मान्य केला होता. त्यामुळे भागवत, पुराणे व व्याकरण मुखोद्गत असलेली ही मुलगी वेदांपासून दूरच राहिली. १८७४ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले, मागोमाग मोठी बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी भ्रमंती करीत ती १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदांची प्रत दिली तेव्हा, स्त्रीने वेद वाचावेत काय, या विचाराने ती प्रथम अडखळली, असे तिने स्वतःच नोंदविले आहे. सभेत शास्त्रार्थ करणाऱ्या पंडितेलाही पोथी उघडताना भय वाटावे, इतका तो अधिकारभेद अंगात मुरलेला होता. पुढे धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतः वाचल्यावर तिचा निष्कर्ष कडवट झाला. ग्रंथाग्रंथांत मतभेद पुष्कळ, एकवाक्यता मात्र स्त्रीच्या हीनत्वाबद्दल व तिच्या मोक्षाच्या अभावाबद्दल, असा त्याचा आशय आहे.

या पार्श्वभूमीचा ख्रिस्ती शास्त्रप्रामाण्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांस पडेल. संबंध असा की, प्रामाण्याचा विचार रमाबाईंना मिशनऱ्यांनी शिकविला नाही. तो घेऊनच त्या तिकडे गेल्या. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे दोष त्यांना शिवत नाहीत. नैयायिकांच्या मते वेद ईश्वरकर्तृक आहेत आणि वक्ता आप्त, म्हणजे विश्वसनीय असल्यामुळे ते प्रमाण ठरतात. ख्रिस्ती कल्पना तिसरी आहे. मत्तय, लूक, पौल ही माणसे आपल्या भाषेत, आपल्या काळात लिहितात, आणि तरीही त्यांच्या लेखनात ईश्वराची प्रेरणा असते. या भेदातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वेदमंत्राचे भाषांतर केले तर तो मंत्र राहत नाही. बायबलचे भाषांतर मात्र बायबलच राहते. रमाबाईंनी लूकचे शुभवर्तमान प्रथम वाचले ते सिल्चर येथे, पतीच्या संग्रहात सापडलेल्या बंगाली प्रतीत. अनुपनीताने वाचू नये असे त्या पुस्तकावर कोठेही लिहिलेले नव्हते.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे उत्तर

येथे नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करून खऱ्या शास्त्राची लक्षणे कोणती हे तर्काने ठरविण्याचा प्रयत्न केला. त्यास काशीच्या तरुण गोऱ्ह्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिले. श्रद्धेच्या आधाराशिवाय नुसत्या तर्काने धर्माचा निर्णय होत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. तेच गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, परंतु ही भूमिका त्यांनी टाकली नाही. केवळ ग्रंथ हाती घेऊन प्रत्येकाने आपापला अर्थ लावावयाचा तर मतामतांचा गलबला होणार, म्हणून आद्य मंडळीच्या परंपरेने दिलेला अर्थच ग्राह्य, या विचाराने ते अँग्लिकन पंथातील परंपरानिष्ठ गटाकडे वळले. शास्त्राला परंपरेची जोड हवी, हे काशीच्या शास्त्र्याला पटणे स्वाभाविकच होते, असे मला वाटते.

गोऱ्ह्यांच्याच लेखनाचा रमाबाईंच्या धर्मांतरात मोठा वाटा होता. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाने त्या मंडळीच्या दारापर्यंत आल्या. पण दारातून आत गेल्यावर त्यांनी गोऱ्ह्यांची वाट सोडली.

१८८५ चा पत्रव्यवहार

रमाबाईंची पत्रे अ. भि. शहा यांनी संपादित केली व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती प्रसिद्ध केली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला १८८५ च्या सुमाराचा पत्रव्यवहार हा या संग्रहाचा गाभा होय.

वादाचे विषय वरकरणी निरनिराळे आहेत. रमाबाईंनी चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, यावर मुंबई व लाहोरच्या बिशपांनी प्रतिकूल मत दिले. हिंदुस्थानात वापरावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा रमाबाईंचा सवाल होता. अथानासियसच्या नावाने प्रचलित असलेला मतांगीकार त्यांना मान्य होईना. त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल त्यांच्या शंका होत्या. सिस्टर जेराल्डिन यांना या सर्वांत अहंकार दिसत होता. आज ती पत्रे वाचताना असे दिसते की प्रत्येक विषयामागे एकच मुद्दा आहे. बाप्तिस्मा घेताना आपण ख्रिस्ताचे शास्त्र स्वीकारले, एका विशिष्ट मंडळीच्या धर्मगुरूंची आज्ञा स्वीकारली नाही, हे त्या पुनःपुन्हा सांगतात. भारतीय पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतीच मान सोडविली असताना, धर्मगुरूंकडून येणारे सर्व काही ईश्वराची आज्ञा समजून दुसऱ्या जोखडाखाली ती देणार नाही, अशा आशयाचे मे १८८५ मधील त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे.

याच काळात इंग्लंडमध्ये बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतराची फेरतपासणी चालू होती. सुधारित नवा करार १८८१ मध्ये व जुना करार १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याला आधार म्हणून दाखविले जाणारे एक वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाही, म्हणून ते त्यातून वगळण्यात आले. रमाबाईंच्या शंका या वगळण्यातून उद्भवल्या असे मी म्हणत नाही. त्या शंकांची मुळे त्यांच्या ब्राह्मसमाजाच्या सहवासातही होती. परंतु ईश्वरप्रेरित ग्रंथाचे शब्द विद्वानांची एक समिती बसून निश्चित करते, हे दृश्य त्या काळी इंग्लंडमध्ये सर्वांसमोर होते. शास्त्र प्रमाण, पण कोणते शब्द म्हणजे शास्त्र? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनी तीस वर्षांनंतर स्वतःच्या छापखान्यात शोधले.

त्रैक्याबद्दलच्या शंका पुढे मावळल्या. १८९० नंतरच्या काळात एका अंतरीच्या अनुभवातून आपल्याला ख्रिस्त लाभला, तोवर केवळ ख्रिस्ती धर्म लाभला होता, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिले आहे. मात्र कोणत्याही एका पंथाचे शिक्के त्यांनी स्वतःवर मारून घेतले नाहीत. मधल्या काळातील शारदासदनाचा वाद सुपरिचित आहे. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस मुली बसतात या कारणाने १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा संबंध सोडला. त्याची चर्चा येथे करीत नाही.

केडगावचे भाषांतर

पंचेचाळिशी उलटल्यावर रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास हाती घेतला आणि संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर मुळावरून करण्यास प्रारंभ केला. मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून १८११ मध्ये मोडी लिपीत नवा करार छापला होता, आणि मुंबईच्या मिशनऱ्यांनी त्यानंतर नवी भाषांतरे केली होती. रमाबाईंचा आक्षेप असा की ही भाषा संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील बाईस समजत नाही, आणि तिच्यातील अनेक शब्द हिंदू धर्मविचाराचा अर्थ ओढून आणतात. संस्कृत ही जिची घरची भाषा, ‘सरस्वती’ ही जिची पदवी, तिने संस्कृत शब्दांना चाळणी लावावी, यातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. कदाचित त्या शब्दांचे वजन तिलाच सर्वांत चांगले ठाऊक होते.

या निर्णयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामाच्या वाणीतून ख्रिस्ताकडे जाणारा मार्ग बांधीत होते. अभंग, ओवी व कीर्तन यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. रमाबाईंना मात्र शब्दांच्या सीमा स्वच्छ हव्या होत्या. मूळ ग्रंथातील प्रत्येक शब्द ईश्वरप्रेरित मानला की भाषांतरकाराचा हात आखडतो, आणि मराठीचा ओघ मुळातील शब्दांपुढे दुय्यम ठरतो. टिळकांचे मराठी देवळात गायिले गेले. रमाबाईंचे मराठी त्या मानाने फार थोड्यांच्या वाचनात आले.

आणखी एक अवघड प्रश्न आहे. धर्मगुरूंचे मध्यस्थपण नाकारणाऱ्या रमाबाई केडगावात शेकडो अनाथ व विधवा मुलींच्या ‘आई’ होत्या. मुलींनी बायबल वाचावे, पाठ करावे, ही तेथील दिनचर्या होती. १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीत त्यांपैकी अनेक जणी स्वतः प्रार्थना चालवू लागल्या व गावोगाव साक्ष देऊ लागल्या. ज्यांना अक्षरओळखही नव्हती त्यांच्या हाती शास्त्र आले, हे निर्विवाद. परंतु ते शास्त्र रमाबाईंनी निवडलेल्या शब्दांत व त्यांनी लावलेल्या अर्थासह आले. रमाबाईंनी वाँटेजला लिहिले तसे पत्र त्यांपैकी एखादीने रमाबाईंना लिहिले असते, तर उत्तर काय आले असते? या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ असेच म्हणावे लागते.

छपाईचे काम मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, पाने बांधणे ही सर्व कामे, ज्यांना वेदश्रवणाचाही अधिकार नव्हता अशा घरांतून आलेल्या मुली करीत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. तत्पूर्वी त्यांनी भाषांतराचे काम हातावेगळे केले होते. ग्रंथ १९२४ मध्ये केडगावहून प्रसिद्ध झाला.