चेहऱ्याची साक्ष

गेल्या दिवाळीत फराळाची ताटे उचलली न उचलली तोच आमची भाची टीव्हीसमोर व्हिडिओ गेम मांडून बसली. "मामा, आज संशयितांचे जाबजबाब तू घे," असे म्हणून तिने कंट्रोलर माझ्या हाती दिला. पाहतो तो समोर 'एल. ए. नॉयर'! २०११ साली हा खेळ निघाला तेव्हा त्याच्यापायी मी कित्येक रात्री जागवल्या होत्या. आताची आवृत्ती २०१७ सालची. नव्या यंत्रांसाठी डागडुजी केलेली.

खेळातले नगर म्हणजे १९४७ चे लॉस एंजेलिस, आणि नायक महायुद्धातून परतलेला तरुण पोलीस कोल फेल्प्स. सिडनीच्या 'टीम बाँडी' या संस्थेने हे नगर उभारताना रॉबर्ट स्पेन्स यांनी विमानातून टिपलेली जुनी छायाचित्रे धुंडाळली होती. तरी एके ठिकाणी इतिहासाला बगल दिलीच. ग्रिफिथ यांच्या १९१६ च्या 'इन्टॉलरन्स' या चित्रपटासाठी रचलेले बाबिलोन १९४७ च्या कितीतरी आधी पाडले गेले होते. खेळात मात्र ते उभे आहे. इतिहासाचे पंडित नाक मुरडोत. मला ते आजही मोहवते.

खेळाचा खरा प्राण मात्र चेहऱ्यांत आहे. नटाला खुर्चीवर बसवून भोवतीच्या ३२ कॅमेऱ्यांनी त्याची सुरकुतीन् सुरकुती टिपली. आपण ती निरखायची आणि ठरवायचे : खरे, शंका की खोटे? ते चेहरे अजून जिवंत वाटतात. धडाच्या हालचाली वेगळ्या टिपल्यामुळे मान तेवढी उसनी आणल्यासारखी दिसते. पूर्वी 'शंका' निवडावी, तर आपला सभ्य फेल्प्स एकाएकी समोरच्याच्या अंगावर ओरडे! नव्या आवृत्तीत ते शब्दच बदलले : 'चांगला पोलीस', 'वाईट पोलीस' आणि 'आरोप'. चित्रांच्या नव्या झिलईपेक्षा मला हा बदल मोलाचा वाटतो. जुना खेळ विचारी, 'समोरचा कसा आहे?' नवा विचारतो, 'तू कसा वागणार?'

इतक्यात पडद्यावरच्या बाईने नजर चुकवली.

"खोटं बोलतेय!" भाची ओरडली.

"आरोप करायचा, तर पुरावा दाखवावा लागतो," मी म्हणालो. "भित्र्या माणसाचीही नजर खाली जाते."

ती क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "आजीची अंगठी हरवली होती, तेव्हा तू नुसता माझा चेहरा बघून ठरवलं होतंस."

ती अंगठी पुढे लोणच्याच्या बरणीमागे सापडली होती. सापडली म्हणून सगळे हसलो, लाडू वाटले. पोरीला मात्र कोणी काही बोलले नव्हते.

माझी नजर खाली गेली. या खेपेस चेहऱ्याची साक्ष खरी होती. पण माफी मात्र तोंडानेच मागावी लागली.