सरड्याच्या गावचे पाणी

कार्टूनपट म्हणजे मुलांची करमणूक, ही समजूत आपल्या मनांत इतकी पक्की बसली आहे की, अशा चित्रपटात एखाद्या प्रदेशाचा इतिहास शोधू जाणे कित्येकांना हास्यास्पद वाटेल. तरीही २०११ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला, गोर व्हर्बिन्स्की यांनी दिग्दर्शित केलेला ‘रँगो’ हा चित्रपट मुलांपेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्यांनीच अधिक लक्षपूर्वक पाहावा, असे मला वाटते. त्यातील सरड्याच्या फजितीला मुले हसतील. पण त्या गावात पाण्याची पेढी का आहे, आणि कोरड्या जमिनींचे खरेदीखत कोण कोणाच्या नावे करून घेत आहे, हे समजावयास प्रौढ वय लागते.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. या कथेतील पाळीव सरड्याचे कुंपण काचेच्या पेटीचे आहे. धावत्या मोटारीतून ती पेटी खाली पडते आणि तो मोहावीच्या वाळवंटात येऊन पोहोचतो. ‘डर्ट’ नावाच्या तहानलेल्या गावात तो आपल्या शौर्याच्या थापा मारतो आणि त्या थापांच्याच बळावर गावाचा शेरीफ होतो. गावातील उरलेसुरले पाणी पेढीच्या तिजोरीत आहे. नगराध्यक्ष एक वृद्ध कासव आहे. पाणी ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हे तो ओळखून आहे. पाणी तोडले की शेतकरी जमिनी विकतात. त्या तो स्वस्तात घेतो. गावाचे पाणी नळावाटे दूर लास व्हेगासकडे जात असते, हे रँगोला शेवटी उमगते.

ही केवळ कल्पना नव्हे. या कासवाचा वंश रोमान पोलान्स्की यांच्या १९७४ च्या ‘चायनाटाऊन’ मधील धनाढ्य खलनायकाशी जाऊन मिळतो, आणि त्या चित्रपटाची मुळे कॅलिफोर्नियातील ओवेन्स दरीत आहेत.

सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेस असलेल्या या दरीत बर्फ वितळून येणारे पाणी भरपूर होते. पायूट लोक तेथे चर खणून शेते भिजवीत. १८६३ साली सैन्याने त्यांच्यातील सुमारे एक हजार लोकांना दरीबाहेर हाकून नेले, आणि गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ते पाणी व ती जमीन आपलीशी केली. पुढे ज्यांचे पाणी गेले, त्यांनीही ते कोणाकडून तरी घेतलेले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी लॉस एंजेलिस शहर झपाट्याने वाढत होते आणि त्याची नदी त्याला पुरेनाशी झाली होती. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी दरीत हिंडून जमिनी व पाण्याचे हक्क खरेदी करण्यास प्रारंभ केला. १९०२ साली स्थापन झालेले केंद्र सरकारचे सिंचन खाते त्याच दरीतील शेतकऱ्यांसाठी एका योजनेची पाहणी करीत होते. ईटन त्या योजनेसाठीच जमिनी घेत आहेत, असा अनेकांचा समज झाला. या खात्याचे विभागीय अभियंता जोसेफ लिपिंकॉट हे त्याच काळात शहराकडूनही सल्ल्याचे पैसे घेत होते. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला. १९०६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते उघडपणे शहराच्या नोकरीत गेले. सरकारी कागद हाताळण्यात ज्याचे दिवस जातात, अशा माझ्यासारख्या कारकुनाला या इतिहासातील हे पान सर्वांत भयंकर वाटते. दरीचे पाणी पिस्तुलाने गेले नाही; ते पाहणीच्या टिपणांतून आणि नोंदणीच्या दस्तांतून गेले.

विल्यम मुलहॉलंड यांच्या देखरेखीखाली २३३ मैलांचा कालवा बांधला गेला. त्यात एकही पंप नाही. पाणी केवळ उतारावरून वाहते. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी पाणी आले तेव्हा मुलहॉलंड जमावाला एवढेच म्हणाले : ‘हे पाहा पाणी. घ्या.’ त्या पाण्यावर सान फर्नांडो खोऱ्यातील जमिनींची किंमत वाढली. आणि त्या जमिनी आधीच घेऊन ठेवणाऱ्यांत ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे मालक हॅरिसन ग्रे ओटिस हे होते.

१९२४ च्या मे महिन्यात दरीतील लोकांनी सुरुंगाने कालवा फोडला. १६ नोव्हेंबरला त्यांनी अलाबामा टेकड्यांजवळची दारे ताब्यात घेऊन चार दिवस पाणी नदीत सोडून दिले. बायका स्वयंपाकाचे सामान घेऊन आल्या. एखाद्या जत्रेसारखी गर्दी जमली. काऊबॉय नट टॉम मिक्स त्या सुमारास जवळच चित्रण करीत होता; त्याने आपले वादक तेथे पाठविले, अशी आठवण सांगतात. याच टेकड्यांत पुढे शेकडो काऊबॉयपट चित्रित झाले. इतकेच नव्हे, तर १९३९ च्या ‘गंगा दीन’ साठी हिंदुस्थानची वायव्य सरहद्दही तेथेच उभारण्यात आली. कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीच्या चकमकी चालत होत्या, आणि पाठीमागे खरी लढाई हरलेली दरी सुकत होती. पाण्यावरचे काऊबॉयपट निघाले नाहीत असे नाही. विल्यम वायलर यांचा १९५८ चा ‘द बिग कंट्री’ तसाच आहे. परंतु त्यात भांडतात ती दोन घराणी. पाणी नळ, पेढी व नगरपालिका यांच्या वाटेने जाते, हे काऊबॉयपटाच्या वेषात सांगण्याचे काम एका सरड्याने केले.

१९२७ मध्ये दरीतील पेढी बुडाली आणि प्रतिकार संपला. १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास मुलहॉलंड यांनी बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण फुटले; चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. ओवेन्स सरोवर त्यापूर्वीच आटले होते. त्याच्या तळाची धूळ पुढे अनेक दशके दरीतील लोकांच्या फुफ्फुसांत जात राहिली, आणि ती दाबण्यासाठी शहराला अब्जावधी डॉलर खर्चावे लागले.

याला चोरी म्हणावे काय? कायद्याने पाहता बहुतेक दस्त बिनचूक होते. अनेकांनी आपखुशीने जमिनी विकल्या. शिवाय त्या पाण्यावर लक्षावधी लोक जगले, हेही खरे. अधिकांचे हित म्हणून १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शहराच्या बाजूने कौल दिला होता. आक्षेप आहे तो लपवाछपवीला. अधिकांचे हित जर खरोखरच मोठे होते, तर ते थोड्यांच्या समोर उघडपणे मांडण्यास अडचण कसली होती?

चित्रपटात नळाची कळ फिरविली जाते आणि पाणी उसळून वर येते. इतिहासात कळ इतक्या सहज फिरत नाही. दीर्घकाळच्या न्यायालयीन झगड्यानंतर डिसेंबर २००६ मध्ये शहराने ओवेन्स नदीच्या खालच्या ६२ मैलांच्या कोरड्या पात्रात काही पाणी पुन्हा सोडले. कालवा सुरू होऊन तेव्हा ९३ वर्षे लोटली होती, आणि त्या मूळ दस्तांवर सह्या करणाऱ्यांपैकी ते पाहावयास कोणीही उरले नव्हते.