फिरत्या वापराचा एलपीजी सिलिंडर

फिरत्या वापराचा एलपीजी सिलिंडर म्हणजे घरापासून दूर, तात्पुरत्या मुक्कामावर किंवा प्रवासी वाहनात स्वयंपाकासाठी वापरला जाणारा द्रवरूप पेट्रोलियम वायूचा सुटा सिलिंडर होय. ऊसतोड मजूर, वारीतील दिंड्या, मालवाहू गाड्यांचे चालक, फिरते विक्रेते, वसतिगृहाबाहेर राहणारे विद्यार्थी आणि पर्यटक यांच्याकडून त्याचा वापर होतो. अमेरिका व युरोपात सहलीच्या जोडगाडीवर, म्हणजे कॅम्पिंग ट्रेलरवर, बसवले जाणारे प्रोपेनचे सिलिंडर याच प्रकारात मोडतात. महाराष्ट्रात या विषयाचे महत्त्व मुख्यतः हंगामी स्थलांतर व यात्रा यांमुळे आहे. सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूर व माळशिरस तालुक्याचा परिसर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

वायूचे स्वरूप

एलपीजी हे प्रामुख्याने प्रोपेन व ब्युटेन या दोन हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. वातावरणीय दाबाखाली प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला, तर सामान्य ब्युटेन सुमारे उणे ०.५ अंशाला उकळतो. त्यामुळे कडक थंडीच्या देशांत जवळजवळ शुद्ध प्रोपेन वापरावा लागतो. भारतातील बहुतांश भागांत दोहोंचे मिश्रण बाराही महिने चालते. तापमान वाढले की सिलिंडरातील दाब वाढतो. ४० अंशांना शुद्ध प्रोपेनचा बाष्पदाब वातावरणीय दाबाच्या तेरापटीहून अधिक, तर ब्युटेनचा चारपटीहून थोडा कमी असतो. मिश्रणाचा दाब या दोहोंच्या मध्ये राहतो.

वायुरूपातील एलपीजी हवेपेक्षा सुमारे दीड ते दोन पट जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९.५ टक्के असताना तो पेट घेतो. मूळ वायूला जवळजवळ वास नसल्यामुळे गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात.

इतिहास

भारतात स्वयंपाकासाठी एलपीजीची विक्री १९५५ मध्ये मुंबईत बर्मा शेल कंपनीने 'बर्शेन' या नावाने सुरू केली. इंडियन ऑइलच्या 'इंडेन'ची पहिली जोडणी २२ ऑक्टोबर १९६५ रोजी कोलकाता येथे देण्यात आली. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर एस्सोच्या व्यवसायातून हिंदुस्तान पेट्रोलियम आणि बर्मा शेलच्या व्यवसायातून भारत पेट्रोलियम या कंपन्या उभ्या राहिल्या.

घरगुती जोडणीसाठी पत्त्याचा पुरावा आवश्यक असल्याने स्थलांतरित मजूर व विद्यार्थी दीर्घकाळ या व्यवस्थेबाहेर राहिले. ही अडचण दूर करण्यासाठी २०१३ मध्ये ५ किलोच्या सिलिंडरची खुली विक्री सुरू झाली. हा सिलिंडर केवळ ओळखपत्र दाखवून विकत घेता येतो. इंडेनचा असा सिलिंडर 'छोटू' आणि एचपी गॅसचा 'अप्पू' या नावाने ओळखला जातो. वितरकांखेरीज निवडक पेट्रोल पंप व किराणा दुकानांतूनही तो मिळतो.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तिच्या १० ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना रेशनकार्ड व पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची सवलत मिळाली.

प्रकार व निवड

भारतात प्रचलित असलेले प्रमुख सिलिंडर पुढीलप्रमाणे आहेत :

२ किलो : एकट्या व्यक्तीच्या अल्पकालीन वापरासाठी.
५ किलो : घरगुती जोडणीवर किंवा खुल्या विक्रीतून. फिरत्या वापरासाठी सर्वाधिक सोयीचा.
१० किलो संमिश्र : काचतंतू व प्लास्टिक यांपासून बनवलेला घरगुती सिलिंडर. पोलादी सिलिंडरच्या तुलनेत सुमारे निम्म्या वजनाचा. बाजूने आतील द्रवाची पातळी दिसते.
१४.२ किलो : नेहमीचा घरगुती सिलिंडर. व्यावसायिक वापरास मनाई.
१९ किलो : व्यावसायिक सिलिंडर. हॉटेले व मोठ्या पंगतींसाठी.

निवड करताना माणसांची संख्या, मुक्कामाचे दिवस, उचलून नेण्याचे वजन आणि बदली सिलिंडर मिळण्याचे ठिकाण या चार गोष्टी पाहिल्या जातात. एक किलो एलपीजीच्या ज्वलनातून सुमारे ४६ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ १२.८ किलोवॅट-तास ऊर्जा मिळते. २ किलोवॅट क्षमतेचा एक बर्नर पूर्ण आचेवर ताशी साधारण १५५ ते १६० ग्रॅम वायू जाळतो. या हिशेबाने २ किलोचा सिलिंडर सुमारे १३ तास, ५ किलोचा सुमारे ३२ तास आणि १९ किलोचा सुमारे १२० तास पुरतो. रोज दोन तास एक बर्नर चालवणाऱ्या कुटुंबास ५ किलोचा सिलिंडर साधारण पंधरवडाभर पुरेल.

सिलिंडरातील द्रवाचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते. लहान सिलिंडरला मोठी भट्टी जोडल्यास सिलिंडर गार पडतो, त्यावर दव किंवा हिम जमते आणि आच मंदावते. हा सिलिंडर संपल्याचा पुरावा नसतो. मोठ्या भट्टीसाठी मोठा सिलिंडर वापरणे हाच त्यावरील उपाय होय. सिलिंडरला बाहेरून उष्णता देणे अत्यंत धोक्याचे आहे.

भरून घेण्याची पद्धत

अमेरिकेत ग्राहक स्वतःच्या मालकीचा सिलिंडर विक्री केंद्रावर नेऊन भरून घेऊ शकतो किंवा रिकामा देऊन भरलेला घेऊ शकतो. तेथील लहान सिलिंडरांच्या झडपेत जादा भरणा रोखणारा तरंगक असतो. सुमारे ८० टक्के आकारमान भरताच तो भरणा थांबवतो.

भारतात ग्राहकासमोर सिलिंडर भरून देण्याची पद्धत नाही. भरणा परवानाधारक प्रकल्पातच होतो आणि ग्राहकास रिकाम्याच्या बदल्यात भरलेला सिलिंडर मिळतो. भरण्याचे प्रमाण वजनावर ठरते. १४.२ किलोच्या सिलिंडरची पाण्याची धारणक्षमता सुमारे ३३.३ लिटर असते. उरलेली मोकळी जागा उन्हात द्रव प्रसरण पावल्यास उपयोगी पडते. ही जागा न ठेवता सिलिंडर काठोकाठ भरल्यास प्रसरण पावणारा द्रव थेट भिंतीवर दाब देतो आणि सिलिंडर फुटू शकतो.

सिलिंडर घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मोहोर व झडपेतील रबरी कडी. दुसरी, वजन : रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यावर नोंदवलेले असते, त्यात वायूचे वजन मिळवले असता एकूण वजन यावे. तिसरी, चाचणीची मुदत : मुठीच्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतील बाजूस ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक अक्षर व वर्षाचे दोन अंक असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी-२७' असा सिलिंडर सप्टेंबर २०२७ अखेर चाचणीस पाठवणे आवश्यक असते. मुदत उलटलेला सिलिंडर ग्राहकाने स्वीकारू नये.

किती वायू उरला आहे हे वजनावरूनच नक्की कळते. आत थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर अवलंबून असतो, साठ्यावर नव्हे. म्हणून दाबमापकावरून उरलेला वायू समजत नाही.

अवैध भरणा

घरगुती सिलिंडरमधून नळीने लहान सिलिंडरात वायू उतरवून घेण्याचा प्रकार बाजारपेठांत व मजुरांच्या वस्त्यांत आढळतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार परवान्याविना असा भरणा करता येत नाही. घरगुती सिलिंडरचा अन्य कामासाठी वापर हा द्रवीभूत पेट्रोलियम वायू (पुरवठा व वितरण नियमन) आदेश, २००० चा भंग ठरतो. सिलिंडरविषयक नियमांची अंमलबजावणी पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे असून तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

या प्रकारामागे आर्थिक कारण आहे. खुल्या विक्रीच्या सिलिंडरला अनुदान नसते. घरगुती एलपीजीवर ५ टक्के, तर बिगरघरगुती एलपीजीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. परिणामी लहान सिलिंडर घेणाऱ्या गरिबास प्रतिकिलो अधिक दर मोजावा लागतो आणि स्वस्त पण धोकादायक मार्गाचा मोह होतो. नळीने वायू उतरवताना गळती अटळ असते, वजन मोजले जात नाही आणि बाजारात मिळणाऱ्या पातळ पत्र्याच्या सिलिंडरांची कोणतीही चाचणी झालेली नसते.

श्रीपूर परिसरातील वापर

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर ही वसाहत साखर उद्योगाभोवती वाढली. बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट आणि पांडुरंग सहकारी साखर कारखाना हे उद्योग येथील आहेत. गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्चच्या सुमारास संपतो. या काळात पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात बीड व मराठवाड्याच्या अन्य भागांतून ऊसतोड टोळ्या येतात आणि कोप्यांमध्ये राहतात. स्वयंपाक प्रामुख्याने तीन दगडांच्या चुलीवर, लाकूडफाटा व पाचट जाळून होतो. पहाटे तोडीला जाण्यापूर्वी भाकरी थापण्याचे काम स्त्रियांकडे असल्याने सरपण गोळा करण्याचा व धुराचा भारही त्यांच्यावरच पडतो.

गॅसमुळे हा भार हलका होतो, परंतु कोपीची रचना त्यास अनुकूल नसते. चटया, पाचट व प्लास्टिकचे कापड ही सारी ज्वलनशील असतात. १५ घनमीटरच्या कोपीत सुमारे ६०० ग्रॅम वायू समप्रमाणात मिसळला तरी हवा पेट घेण्याजोगी होते. वायू तळाशी साचत असल्याने जमिनीलगत त्याहून बऱ्याच कमी गळतीतही धोका उद्भवतो, आणि कुटुंब जमिनीवरच झोपलेले असते. चूल व गॅस एकाच कोपीत ठेवणे म्हणूनच टाळावे लागते. गावाकडील घरगुती जोडणीचा सिलिंडर हंगामात बदलून मिळण्यासही अडचण येते. अशा वेळी खुल्या विक्रीचा ५ किलोचा सिलिंडर हाच वैध पर्याय उरतो.

आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस व वेळापूरमार्गे, तर संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूज व बोरगावमार्गे पंढरपूरकडे जाते. दिंडीचा स्वयंपाक पुढे गेलेल्या मालमोटारीजवळ होतो. शेकडो माणसांच्या पंगतीसाठी ५ किलोचे सिलिंडर अपुरे पडतात, म्हणून मोठे सिलिंडर व भट्ट्या वापरतात. एलपीजीचा १०० किलोपर्यंतचा साठा बाळगण्यास परवाना लागत नाही.

पर्यटन व प्रवास

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा वाहनांत सिलिंडर प्रवाशांच्या खोलीपासून वेगळ्या, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात उभा बांधलेला असावा आणि कप्प्याच्या तळाशी वायू बाहेर जाण्यास मोकळी जाळी असावी. वाहन चालू असताना रेग्युलेटर बंद ठेवतात.

रेल्वेतून गॅस सिलिंडर नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या खाजगी डब्यास आग लागून ९ जणांचा मृत्यू झाला. डब्यात अवैधरीत्या नेलेला सिलिंडर त्यास कारणीभूत ठरला.

सुरक्षितता

सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. आडवा केल्यास वायूऐवजी द्रव बाहेर येऊन ज्वाळा अनावर होते. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी. घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० ग्रॅम प्रतिचौरस सेंटिमीटर इतक्या कमी दाबाने वायू सोडतो. भट्टीचा उच्चदाबाचा रेग्युलेटर साध्या शेगडीला जोडू नये. भारतीय मानक चिन्ह असलेली सुरक्षा नळी वापरावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी. फिरत्या वापरात नळी वारंवार दुमडली जात असल्याने प्रत्येक मुक्कामावर ती पाहणे हितावह असते. गळतीची तपासणी साबणाच्या पाण्याने करतात, काडी पेटवून कधीही करत नाहीत.

वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, आसपासची चूल व दिवे विझवावेत, विजेचे बटण चालू अथवा बंद करू नये, माणसांना वाऱ्याच्या उलट दिशेस न्यावे आणि शक्य असल्यास सिलिंडर उघड्यावर हलवावा. गॅस गळतीसाठी देशभरात १९०६ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे.