वाशी परिसरात हीदरऐवजी काय लावावे? कुफिया आणि चिनी गुलाब लागवड

घर, शाळा, मंदिर किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात जमीन झाकणारी, उन्हाळ्यातही फुलणारी झाडे लावण्याकडे कल वाढला आहे. त्यासाठी ‘हीदर’ या नावाने रोपांची व बियाण्याची चौकशी होते. मात्र हे एकच नाव दोन वेगळ्या झाडांना वापरले जाते. त्यातले एक आपल्याकडे येत नाही. दुसरे येते, पण वाशी, भूम, कळंब भागातील चुनखडीयुक्त जमिनीत ते पिवळे पडण्याचा धोका असतो. त्यामुळे रोपे विकत घेण्याआधी माती तपासून घ्यावी.

खरा हीदर येथे का येत नाही?

खरा हीदर (कॅलुना व्हल्गॅरिस) हे युरोपातील थंड माळरानावरचे झुडूप आहे. तेथे ते जुलै ते सप्टेंबरमध्ये फुलते, म्हणून त्याला उन्हाळी फुलांचे झाड म्हणतात. मात्र तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यासारखा सौम्य असतो. या झाडाला ४.५ ते ५.५ सामूची आम्लधर्मी जमीन आणि मुळाशी सतत थंड ओलावा लागतो. आपल्याकडील काळ्या जमिनीचा सामू साधारण ७.५ ते ८.५ असतो आणि मे महिन्यात तापमान ४० अंशांवर जाते. त्यामुळे खऱ्या हीदरचे बियाणे मागवून खर्च करू नये.

गंधक टाकून सामू कमी करता येईल का?

चुनखडी असलेल्या जमिनीत हा उपाय परवडत नाही. एक चौरस मीटर जागेत १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे २०० किलो माती असते. त्यात ५ टक्के चुना असेल तर तो १० किलो होतो. तेवढा चुना निष्प्रभ करण्यास ३ किलोपेक्षा जास्त गंधक लागते. १० चौरस मीटरच्या वाफ्याला हे प्रमाण ३० किलोच्या वर जाते. शिवाय बोअरच्या जड पाण्यातून चुना पुन्हा येत राहतो.

मेक्सिकन हीदर म्हणजे कुफिया

रोपवाटिकेत ‘मेक्सिकन हीदर’ किंवा ‘फॉल्स हीदर’ म्हणून मिळते ते कुफिया (कुफिया हिसोपिफोलिया). मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हे झाड मेंदी, डाळिंब आणि तामण यांच्या कुळातले आहे. उंची ३० ते ६० सेंटिमीटर, पाने बारीक, फुले लहान जांभळी, गुलाबी किंवा पांढरी असतात. पाणी मिळत राहिल्यास जवळजवळ वर्षभर फुले येतात व त्यावर मधमाश्या, फुलपाखरे येतात.

जागा व माती

- सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा निवडावी. भिंतीची पूर्व बाजू किंवा मोठ्या झाडाची विरळ सावली चांगली.
- माती परीक्षणात सामू, क्षारता आणि मुक्त चुना या तिन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात.
- चुना जास्त असल्यास जमिनीवर २५ ते ३० सेंटिमीटर उंच गादीवाफा करावा. त्यात पोयटा माती दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग आणि कोकोपीट एक भाग भरावे.
- सिमेंटच्या कामाचा राडारोडा वाफ्यात येऊ देऊ नये. त्यामुळे सामू आणखी वाढतो.

लागवड

जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर लागवड करावी. अंतर ३० × ३० सेंटिमीटर ठेवल्यास १० चौरस मीटरला सुमारे ११० रोपे लागतात. लागवडीनंतर वाळलेला पाला किंवा उसाच्या पाचटाचे ५ सेंटिमीटर आच्छादन करावे. रोपे एकमेकांना भिडेपर्यंत खुरपणी करावी लागते.

पाणी

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एप्रिल-मे मध्ये दिवसाला ५ मिलिमीटर गरज धरली तर १० चौरस मीटरला रोज ५० लिटर, म्हणजे दोन महिन्यांत ३ हजार लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या घरी एवढे पाणी बागेला देणे शक्य नसेल, तर कुफिया लावू नये. पाणी ठिबकने, संध्याकाळी द्यावे. छतावरचे साठवलेले पावसाचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा चांगले.

पाने पिवळी पडल्यास

कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्यास ती लोहाची कमतरता समजावी. अशा वेळी युरिया वाढवून उपयोग होत नाही. जमिनीत टाकलेले हिराकस चुन्यामुळे लगेच निरुपयोगी होते, म्हणून फवारणी करावी. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट व १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून आधी चार-पाच रोपांवर संध्याकाळी फवारून पाहावे. पाने करपली नाहीत, तर बाकीच्या रोपांवर फवारावे. १५ दिवसांनी पुन्हा एक फवारणी घ्यावी.

छाटणी व कलमे

दोन-तीन महिन्यांनी शेंडे छाटावेत, त्यामुळे झाड पसरते व फुटवे वाढतात. पावसाळ्यात ८ ते १० सेंटिमीटरची शेंड्याकडील कलमे घ्यावीत. खालची पाने काढून ती वाळू व कोकोपीटच्या मिश्रणात, शेडनेटखाली लावावीत. तीन ते चार आठवड्यांत मुळे फुटतात. त्यामुळे सुरुवातीला १५-२० रोपे घेऊन बाकीची घरीच तयार करता येतात.

कमी पाण्याचा पर्याय: चिनी गुलाब

उघड्या उन्हाची, मुरमाड आणि पाण्याची टंचाई असलेली जागा असेल, तर चिनी गुलाब (पोर्टुलाका) लावावा. पाने मांसल असल्याने तो पाण्याचा ताण सहन करतो. उंची १५ ते २० सेंटिमीटर राहते आणि भर उन्हाळ्यात, ऊन चढल्यावर फुले उमलतात. कोणत्याही जुन्या कुंडीतील तुकडे खोवले तरी लागतात, त्यामुळे रोपांचा खर्च जवळपास नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये २० सेंटिमीटर अंतरावर तुकडे लावावेत. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात पाणी साचल्यास खोड कुजते, म्हणून वाफ्याला उतार ठेवावा.

निवड करताना

- चुना कमी, दुपारची सावली आणि उन्हाळ्यात पाण्याची खात्री असल्यास: कुफिया.
- चुना जास्त, पण पाणी उपलब्ध असल्यास: गादीवाफा किंवा कुंड्यांत कुफिया.
- मुरमाड जमीन, पूर्ण ऊन आणि पाणी कमी असल्यास: चिनी गुलाब.

माती व पाणी परीक्षणासाठी तालुका कृषी कार्यालय किंवा तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.