बंदूक उजवी, डोळा डावा

मातीची तबकडी हवेत झेपावते, उजव्या खांद्याला टेकवलेली शॉटगन तिच्यामागे फिरते, चाप ओढला जातो आणि छर्रे तबकडीच्या डावीकडून निघून जातात. असे वारंवार घडू लागले, की नवखा नेमबाज हाताला, बंदुकीला आणि अखेरीस स्वतःला दोष देऊ लागतो. कित्येकदा दोष यांपैकी कशाचाच नसतो. हात उजवा आणि प्रबळ डोळा डावा, एवढेच त्यामागचे कारण असते.

दोन्ही डोळे एकाच वस्तूची किंचित वेगळी चित्रे मेंदूकडे पाठवतात. दिशा ठरवताना मेंदू त्यांपैकी एका डोळ्याला झुकते माप देतो. इटलीतील विद्वान जाम्बाटिस्टा देल्ला पोर्ता याने १५९३ मध्येच याची नोंद केली होती. सुमारे दोन तृतीयांश माणसांचा उजवा डोळा प्रबळ असतो. प्रबळ डोळा म्हणजे अधिक तीक्ष्ण दृष्टीचा डोळा, हा समज मात्र खरा नाही. चष्म्याच्या नंबरावरून तो ओळखता येत नाही.

तो ओळखण्यासाठी बंदूक लागत नाही, हे बरेच म्हणायचे. दोन्ही हात समोर ताठ करून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तीतून दूरची एखादी वस्तू, दाराची कडी म्हणा, पाहावी. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना कडी फटीत कायम राहते, तो प्रबळ. मान सरळ असावी, कारण नजर फार बाजूला वळल्यास उत्तर बदलू शकते. काहींमध्ये ही प्रबळता ठळक नसते. म्हणून चाचणी दोन-चारदा करावी.

पिस्तुलाच्या बाबतीत अडचण फारशी नाही. हात लांब असल्याने मान किंचित वळवून शस्त्र प्रबळ डोळ्यासमोर आणता येते. रायफलीचे तसे नाही. तेथे गाल दस्त्याला टेकलेला असतो आणि उजव्या खांद्यावरील रायफलीमागे डावा डोळा येऊच शकत नाही. नुकतीच सुरुवात केलेल्याने सरळ खांदा बदलावा. आरंभी अवघडल्यासारखे वाटेल, पण शरीर शिकते. हंगेरीच्या कारोय ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात निकामी झाला. डाव्या हाताने शिकून त्यांनी १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचे सुवर्णपदक जिंकले.

सवय पक्की झालेल्याने दुसरा डोळा झाकावा, पण मिटू नये. डोळा मिटून धरल्याने चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि उघड्या डोळ्याची बाहुलीही किंचित विस्फारते. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तेथे एवढा फरकही नडतो. म्हणून नेमबाज अर्धपारदर्शक ब्लाइंडर लावतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफल व पिस्तूल नेमबाजीत समोरचा ब्लाइंडर ३० मिलिमीटरहून रुंद चालत नाही.

शॉटगनमध्ये तबकडीचा वेग आणि अंतर जोखण्यासाठी दोन्ही डोळे हवेतच. येथे चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक टेपचा नखाएवढा तुकडा पुरतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती सुरक्षित दिशेला रोखून खांद्याला लावावी. डाव्या डोळ्याला नळीचे टोक जेथून दिसते, नेमक्या त्याच जागी हा तुकडा चिकटवावा.