हृदयातला ‘फॉल्ट’ नेमका कुठे आहे हे कसं शोधतात? ईपी स्टडी आणि अ‍ॅब्लेशन

घरात लाईट लुकलुकायला लागली की इलेक्ट्रिशियन आधी फॉल्ट शोधतो, मगच वायरीला हात लावतो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचंही तसंच आहे. या लेखात मी हा फॉल्ट शोधायचं तंत्रज्ञान सोप्या भाषेत सांगतोय.

हृदयात वीज कुठून येते?

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. आपण शांत बसलेलो असताना तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा सिग्नल सोडतो. तो सिग्नल एव्ही नोडमधून क्षणभर थांबून खालच्या कप्प्यांत जातो. गडबड मुख्यतः दोन प्रकारची होते: एखादी भलतीच जागा सिग्नल सोडू लागते, किंवा सिग्नल एका वर्तुळात फिरत राहतो.

ईपी स्टडी म्हणजे काय?

जांघेतल्या शिरेतून बारीक कॅथेटर हृदयापर्यंत नेतात. त्यांच्या टोकांवरचे इलेक्ट्रोड आतले सिग्नल टिपतात. गंमत म्हणजे ठोके त्या वेळी नीट असतील, तर डॉक्टर हलके विद्युत सिग्नल देऊन बिघाड मुद्दाम सुरू करून बघतात. फॉल्ट चालू असतानाच सापडतो ना!

मला यातलं सगळ्यात भारी तंत्र वाटतं ते थ्रीडी मॅपिंग. कॅथेटर कुठे आहे हे चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने कळतं आणि कॉम्प्युटर हृदयाचा रंगीत नकाशा बनवतो. अनेक यंत्रांत सिग्नल सर्वात आधी पोचतो ती जागा लाल आणि सर्वात उशिरा पोचतो ती जांभळी दिसते. सिग्नल एकाच जागेतून पसरत असेल, तर उगम लाल भागात शोधायचा.

मग उपचार कसा करतात?

सापडलेली जागा निकामी करणं म्हणजे अ‍ॅब्लेशन. रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये तो भाग सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, क्रायोमध्ये गोठवतात. नव्या पल्स्ड फील्ड पद्धतीत अतिशय छोटे हाय व्होल्टेज पल्स पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात. अमेरिकेत या पद्धतीच्या पहिल्या यंत्राला डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये मात्र वरचे कप्पे नुसते थरथरतात, तिथे एक बिंदू कसा सापडणार? फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या मिशेल हैसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सापडलेल्या ६९ उगमांपैकी ९४ टक्के फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होते. म्हणूनच आज या शिरांभोवती अ‍ॅब्लेशनचं कडं करून त्यांचे सिग्नल हृदयापासून तोडतात.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

• धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. नंतर तो अगदी नॉर्मल येऊ शकतो.
• स्मार्टवॉचचा हिरवा लाईट फक्त नाडी मोजतो. ईसीजीची सोय असलेलं घड्याळच विद्युत सिग्नल टिपतं, तेही एकाच दिशेने.
• अ‍ॅब्लेशननंतर ठोके सुधारले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. पक्षाघाताचा धोका बघून ते डॉक्टरच ठरवतात.
• धडधडीसोबत चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर घड्याळ बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.